उरलेले तेवीस तास

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात एखाद्या घरी आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, की पुढचं सगळं साधारण एकाच वळणाने जातं. रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवणे’ असं लिहिलेलं असतं. जवळच्या क्लिनिकमधला फिजिओथेरपिस्ट घरी यायला तयार होतो. तो पाऊण तास व्यायाम घेतो, मुलाला आणि सुनेला चार गोष्टी दाखवतो आणि पुढच्या रुग्णाकडे जातो. दिवसाचे तेवीस तास अजून उरलेले असतात. त्या तासांत आजोबांना कुशीवर वळवायचं असतं, उठवून बसवायचं असतं, संडासला न्यायचं असतं, शर्ट घालायचा असतो, लुळ्या हाताला काही ना काही करायला लावायचं असतं. हे काम कोण करतं, त्याला ते कोणी शिकवलं आणि त्याचे पैसे किती मिळतात, हे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. आजोबा पुन्हा कितपत चालतील, हे मात्र बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

मनवेलपाड्यासारख्या वस्तीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच गल्लीत दिसतात. इथल्या कितीतरी बायका ‘पेशंटच्या ड्युटी’ला जातात. पहाटे शेअर रिक्षाने विरार स्टेशन, तिथून लोकल, मग बोरिवली, अंधेरी किंवा दादरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये बारा तास. आणि त्याच गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर खुब्याचं हाड मोडलेली एखादी आजी महिनोन्‌महिने खाली उतरलेली नसते. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतली लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती आणि त्यानंतर विरार पूर्वेला इमारती वाढतच गेल्या. तरुणपणी मुंबईतून इथे घर घेतलेली पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. गुडघे, कंबर, मधुमेह, लकवा या सगळ्यांवरच्या उपचारांची गरज एकदमच वाढली आहे.

थेरपिस्टच्या सहायकाचं हे काम आपल्याकडे वेगवेगळ्या लोकांत विखुरलेलं आहे. क्लिनिकमध्ये ते एखादी बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा करतो. फोन घेणं, नंबर लावणं, चादरी बदलणं यांच्याबरोबर शेक देणं, मशीनचे पॅड लावणं आणि व्यायामाचे आकडे मोजणं हेही त्याच्याकडेच असतं. रुग्णालयात ते वॉर्डातल्या मामा-मावशींकडे जातं. घरी, रुग्णांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्या बाई ते करतात. ब्युरो परवडत नसेल तर बायको, सून किंवा मुलगी करते, आणि बहुतेक घरांना ब्युरो परवडत नाहीच. लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं करता यावीत यासाठीच्या उपचारांच्या, केंद्रांत स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांबरोबर झोपाळा, चेंडू, मणी ओवणं घेणाऱ्या ताईंपैकी कित्येकींकडे त्या कामाचं कोणतंही औपचारिक शिक्षण नसतं. हे लोक मनापासून आणि अंगमेहनतीने काम करतात. पण त्यांच्या कामाला ठरलेलं प्रशिक्षण नाही, नोंदणी नाही, पगाराची श्रेणी नाही आणि वर चढायला पायरी नाही.

या कामात कौशल्य किती लागतं, हे एकच प्रसंग बारकाईने पाहिला तरी कळतं. डावी बाजू लुळी पडलेल्या माणसाला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत बसवायचं आहे. न शिकलेला माणूस काय करतो? दोन्ही काखांत हात घालतो आणि उचलतो, किंवा लुळा हात धरून पुढे ओढतो. झटक्यानंतरच्या दिवसांत खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हाताचं सगळं ओझं सांध्याच्या आवरणावर येतं. अशा हाताला दोन-चार हिसके बसले की खांदा खाली उतरतो. मग दुखणं सुरू होतं. दुखतं म्हणून रुग्ण हात हलवू देत नाही, आणि हात हलत नाही म्हणून तो आखडतो. फिजिओथेरपिस्टच्या पाऊण तासातला निम्मा वेळ पुढे या दुखण्याची समजूत घालण्यात जातो.

शिकलेला सहायक खुर्ची आधी रुग्णाच्या चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी लावतो. ब्रेक लावतो, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करतो. रुग्णाला कुशीवर वळवून खाटेच्या कडेला बसवतो आणि लगेच उभं करत नाही. बरेच दिवस आडवं राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना एकदम खाली येऊ शकतो, म्हणून तो चेहरा बघतो, ‘गरगरतंय का’ विचारतो आणि मिनिट-दोन मिनिटं थांबतो. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेत ना, पाहतो. लुळ्या गुडघ्यासमोर स्वतःचा गुडघा टेकवतो, म्हणजे तो वाकून माणूस कोसळणार नाही. कमरेच्या पट्ट्याला धरतो, हाताला धरत नाही. मग सांगतो, ‘पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे आणा, आता उठा.’ उठण्याचं जेवढं बळ रुग्णात आहे तेवढं त्यालाच वापरू देतो, कमी पडेल तेवढंच स्वतः देतो. हे दिवसात आठ-दहा वेळा घडतं आणि प्रत्येक वेळ हा एक व्यायामच असतो. उचलून टाकलेला रुग्ण ते सगळे व्यायाम गमावतो.

शर्टाचंही तसंच. घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना तो सगळ्यात शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी वर आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. गुडघा बदललेल्या रुग्णाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तेल लावून चोळायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. ती रक्ताची गुठळी असू शकते. कुशी दोन-दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. यातलं काहीही अवघड नाही, पण यातलं काहीही आपोआप सुचत नाही.

क्लिनिकमधल्या यंत्रांची जोखीम वेगळी. मेणाच्या शेकाचं भांडं साधारण ५२ ते ५४ अंश सेल्सिअसवर ठेवतात. मधुमेहाने ज्याच्या हातापायाची संवेदना गेली आहे त्याला भाजतंय हे कळतच नाही, म्हणून शेक देण्याआधी गरम-थंड कळतं का, हे तपासावं लागतं. छातीत पेसमेकर असलेल्या रुग्णाला विजेच्या लहरींची यंत्रं लावणं धोक्याचं आहे. हाडात सळई किंवा प्लेट बसवलेली असेल तर त्या भागावर शॉर्टवेव्ह डायथर्मी चालत नाही. हे सगळं तपासून ठरवणं फिजिओथेरपिस्टचं काम आहे. पण पॅड लावणारा हात दुसऱ्याचा असेल, तर ‘तुम्हाला पेसमेकर आहे का’ हा प्रश्न त्याच्या तोंडी बसलेला असायला हवा. गर्दीच्या संध्याकाळी, पडद्यामागे चार खाटा चालू असताना, शेवटची चाचपणी त्याचीच असते.

हे सगळं पाहिलं की वाटतं, आपल्याकडे हा थर मुळातच का तयार झाला नाही? भारतातल्या पुनर्वसन उपचारांची मुळं तर मुंबईतच आहेत. १९४७ मध्ये फातिमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता आणि तिच्यासाठी उपचार शोधता शोधता त्या या कामात आल्या. त्यातून पुढे हाजी अलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय काढलं. ते आशियातलं पहिलं मानलं जातं. त्या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरात येऊन त्या इथल्या झाल्या, मग पुन्हा अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. पाठोपाठ १९५२-५३ च्या सुमारास केईएममध्येच जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. सात-आठ वर्षांत एका शहराने देशाला एक संपूर्ण शाखा दिली.

पण या सगळ्यांनी थेरपिस्ट घडवले, सहायक घडवले नाहीत. त्या काळात ते साहजिकही होतं. मूठभर पदवीधर तयार करणं हेच मोठं आव्हान होतं आणि रुग्णालयात हाताशी माणसं स्वस्त आणि मुबलक होती. पुढे पदविकेचं पदवीत रूपांतर झालं, पदव्युत्तर शिक्षण आलं, महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांच्या स्वतंत्र परिषदेचा २००२ चा कायदा झाला. शास्त्र वर चढत गेलं. खालची पायरी मात्र कोणी बांधलीच नाही.

एका क्षेत्रात ती बांधली गेली होती. कुष्ठरोगात. त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे आणि ती पुन्हा जागवण्याजोगी आहे.

कुष्ठरोगात कोपराजवळची नस निकामी झाली की बोटं वाकून पंजा होतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चांगल्या स्नायूचा कंडरा काढून तो निकामी झालेल्या जागी जोडायचा. शस्त्रक्रिया काही तासांची, पण ती यशस्वी व्हायची तर आधी आणि नंतर कित्येक आठवडे रोज व्यायाम हवा. कंडरा नव्या जागी बसला तरी मेंदूला तो जुन्याच कामाचा वाटतो, त्याला नवं काम शिकवावं लागतं. कुष्ठरुग्णांना हात लावायला तयार असलेले फिजिओथेरपिस्ट तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. म्हणून स्थानिक तरुणांना शिकवण्यात आलं. त्यातून ‘फिजिओ टेक्निशियन’ नावाचा वर्गच उभा राहिला. तमिळनाडूत करिगिरीच्या केंद्रात त्यांचं रीतसर प्रशिक्षण होऊ लागलं आणि राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात त्यांची पदं निर्माण झाली. हे लोक स्नायूंची ताकद मोजत, संवेदना तपासत, बोटांच्या पट्ट्या बनवत, कोरड्या तळहातांना पाणी आणि तेल लावायला शिकवत, चपलेचा तळवा तपासत.

महाराष्ट्रात या कामाची मोठी परंपरा आहे. वडाळ्याचं १८९० चं अ‍ॅकवर्थ रुग्णालय, बाबा आमट्यांचं आनंदवन, अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्याचं आणि पुण्यातल्या कोंढव्याचं कुष्ठरोग रुग्णालय. डॉ. आर. गणपती यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने तर विकृती टाळण्याचं काम रुग्णालयातून उचलून धारावीसारख्या वस्तीत नेलं. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ जाहीर झालं, कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला गेला आणि ही पदं मागे पडत गेली. विरार ज्यात येतं त्या पालघर जिल्ह्यात नवे कुष्ठरुग्ण आजही सापडतात. पन्नासेक वर्षं चाललेला एक यशस्वी प्रयोग हाताशी असताना, लकवा आणि सांध्यांच्या रुग्णांसाठी तोच साचा वापरावा असं कोणाला सुचलं नाही, याची खंत वाटते.

अमेरिकेने हा थर ठरवून बांधला. दुसरं महायुद्ध, पोलिओच्या साथी आणि १९६५ मध्ये वृद्धांसाठी आलेली मेडिकेअर विमा योजना यांनी मागणी एवढी वाढवली की पदवीधर थेरपिस्ट पुरेनात. ऑक्युपेशनल थेरपीत सहायकांचं प्रशिक्षण १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. फिजिकल थेरपीत १९६७ मध्ये फ्लोरिडा आणि मिनेसोटात पहिले दोन अभ्यासक्रम निघाले आणि १९६९ मध्ये त्यांतून पहिले १५ सहायक बाहेर पडले. आज तिथे सहायक व्हायला साधारण दोन वर्षांची पदविका, रुग्णांबरोबरचं प्रत्यक्ष काम, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. कामाची हद्द आखलेली आहे. तपासणी, निदान आणि उपचारांचा आराखडा थेरपिस्टकडे, आराखडा रोज अमलात आणणं सहायकाकडे. काही बिघडतंय असं दिसलं तर सहायकाने थांबायचं आणि कळवायचं, आराखडा स्वतः बदलायचा नाही. त्याच्याही खाली ‘एड’ म्हणून परवाना नसलेला मदतनीस असतो आणि त्याचं काम वेगळं असतं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतही थेरपी सहायकांना ठरलेली वेतनश्रेणी आहे.

तिथेही सगळं सुरळीत आहे असं नाही. २०२२ पासून मेडिकेअर सहायकाने दिलेल्या उपचाराला थेरपिस्टच्या दराच्या ८५ टक्केच पैसे देतं. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये शुश्रूषागृहांना पैसे देण्याची पद्धत बदलली. थेरपीच्या मिनिटांवर मिळणारे पैसे बंद झाले आणि पहिली कुऱ्हाड थेरपी विभागांवर पडली. सहायकांच्या नोकऱ्या गेल्या. पदविका आणि परवाना असूनही पैसे देणाऱ्याचं धोरण बदललं की सहायक सगळ्यात आधी उघड्यावर पडतो, हे आपण हा पेशा उभारताना लक्षात ठेवलं पाहिजे.

भारतात यावर एक सोपा वाटणारा तोडगा सुचवला जातो. घरच्यांनाच शिकवा. आपली कुटुंबं मोठी, माणसं मायेची, खर्चही नाही. या कल्पनेची कसून परीक्षा झालेली आहे. ‘अटेंड’ नावाच्या अभ्यासात देशभरातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० लकव्याच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली गेली. एका गटातल्या रुग्णांच्या घरच्यांना रुग्णालयात आणि नंतर घरी जाऊन व्यायाम, हालचाल, बसवणं-उठवणं पद्धतशीर शिकवलं. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व आलेल्यांचं प्रमाण ४७ टक्के होतं. फरक काहीच पडला नव्हता.

हा निष्कर्ष वाचून अनेकांनी पुनर्वसनाचाच नाद सोडला असता. अभ्यासकांनी मात्र नेमकी दिशा दाखवली. हे काम कुटुंबावर सोपवण्यासाठी पैसा खर्च करण्याला या निष्कर्षांचा आधार मिळत नाही, पण ते आरोग्य सहायकांकडे किंवा वस्तीपातळीवरच्या चमूकडे सोपवलं तर काय होतं, हे पाहायला हवं. आपल्याकडच्या सुनांना आणि मुलींना याचं आश्चर्य वाटणार नाही. घरातल्या बाईने सकाळी डबे करायचे, पाणी भरायचं, मुलांना शाळेत सोडायचं आणि मधल्या वेळात सासऱ्यांचा खांदा नीट हाताळत आठ वेळा उठवायचं. प्रेम आहे, वेळ नाही, ताकद नाही आणि पाठीशी उभं राहून ‘असं नाही, असं’ म्हणणारं कोणी नाही. शिकवणं एकदाच होतं. सराव आणि देखरेख रोज लागते.

मधल्या फळीच्या माणसाला शिकवून त्याच्या हाती जीव सोपवण्याची भीती महाराष्ट्राला तरी वाटू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतांश निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूत बाईला नवजात बाळाचा श्वास, वजन आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. बाळाला वाचवणं जिला शिकवता येतं, तिला आजोबांचा खांदा सांभाळणं नक्कीच शिकवता येईल. या दोन्ही ठिकाणी बाई एकटी नव्हती. तिच्यामागे डॉक्टर होते, ठरलेली नोंदवही होती, कधी थांबायचं याचा नियम होता.

कायद्याची स्थिती पाहिली तर दार अर्धं उघडलेलं आहे. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. तो अमलात यायला वेळ लागला, शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. या कायद्यात दोन पातळ्या आहेत. ३६०० तासांहून कमी नाही अशी पदवी घेतलेला ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’, आणि किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण घेतलेला ‘संलग्न आरोग्य व्यावसायिक’. दुसऱ्याची व्याख्या थेरपी सहायकाला तंतोतंत लागू पडते. दुसऱ्याने ठरवलेला उपचारांचा आराखडा अमलात आणायला मदत करणारा, तांत्रिक आणि प्रत्यक्ष कामं करायला शिकलेला माणूस. पण कायद्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपीच्या गटात फक्त फिजिओथेरपिस्ट आहे आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या गटात फक्त ऑक्युपेशनल थेरपिस्ट. सहायक नाही. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह यांतल्या तंत्रज्ञांना जी जागा मिळाली, ती याला मिळालेली नाही.

भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात बहुउद्देशीय पुनर्वसन थेरपिस्ट आणि तंत्रज्ञ असा एक वर्ग आहे, त्याचा उपयोग मुख्यतः अपंगत्वाच्या क्षेत्रातल्या संस्थांत होतो. कौशल्य विकास योजनांत जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड हे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत रुग्णाला अंघोळ घालणं, खाऊ-पिऊ घालणं, कुशी बदलणं येतं, थेरपी येत नाही. आणि या सगळ्यांच्या फटीत ‘सहा महिन्यांत फिजिओथेरपी डिप्लोमा’ अशा जाहिराती फोफावतात. गरीब घरातली मुलं पैसे भरतात आणि कुठेही मान्य नसलेला कागद घेऊन परततात.

फिजिओथेरपिस्टांचा या थराला असलेला विरोध नेमका इथून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंटर्नशिपसह साडेचार वर्षं शिकून, परिषदेत नोंदणी करून क्लिनिक उघडावं आणि पलीकडच्या गाळ्यात कालपर्यंत पॅड लावणाऱ्याने स्वतःच्या नावाची पाटी लावावी, हे त्यांनी सोसलेलं आहे. आपल्याला पगारावर न घेता रुग्णालयं स्वस्त सहायकांवरच भागवतील, ही दुसरी भीती. नव्या पदवीधरांना मिळणारे पगार पाहता तीही खरी आहे. पण सहायक आजही आहेतच. त्यांची नोंद नसल्यामुळेच कोण काय करतो यावर कोणाचा अंकुश नाही. नोंदणी झाली, कामाची हद्द लिहिली गेली, देखरेख करणाऱ्या थेरपिस्टचं नाव कागदावर आलं, तर पाटी लावणाऱ्याला जाब विचारता येईल. आज परिषदेला तेही करता येत नाही, कारण तो माणूस तिच्या वहीत कुठेच नसतो.

ऑक्युपेशनल थेरपीत तर सहायकाची गरज आणखी ठळक आहे, कारण तिथे उपचार रोजच्या जगण्यातच होतात. रुग्णाला काय करता यायला हवं आहे, इथून ती सुरू होते. विरारमध्ये हे उत्तर भाकरी थापणं असेल, लोकलच्या पायरीवर चढणं असेल, जीवदानी देवीच्या देवळाच्या पायऱ्या पुन्हा चढणं असेल. थेरपिस्ट त्याचे टप्पे पाडतो. जाड मुठीचा चमचा, बटण लावायचा आकडा, न घसरणारी परात, खुर्चीवर बसून अंघोळ. यातला प्रत्येक टप्पा रोज त्या घराच्या स्वयंपाकघरात आणि मोरीत घटवून घेणारा माणूस लागतो, आणि तो मुंबईहून येणार नाही.

सरकारी यंत्रणेत यासाठी दोन जागा तयार आहेत आणि त्यातली एक तर पालघरशी जोडलेली आहे. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधूनच सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा होईपर्यंत १ ऑगस्ट २०१४ उजाडायचा होता. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मदोष आणि विकासातली दिरंगाई लवकर हेरायची आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवायचं, अशी त्याची रचना. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून आई बाळाला घेऊन आठवड्यातून तीनदा येऊ शकत नाही. मनवेलपाड्यातल्या आईलाही मजुरी बुडवून तेवढ्या फेऱ्या परवडत नाहीत. बाळाच्या घराजवळ थेरपी नेणारा माणूस या साखळीत कुठेच नाही. दुसरी जागा वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात आहे. २०१०-११ मध्ये आखलेल्या या कार्यक्रमात सामुदायिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर ‘पुनर्वसन कार्यकर्ता’ असं पद आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरी जाऊन पाहणं हे त्याच्या कामात गृहीत धरलेलं आहे. शहरी भागात, महापालिकेच्या दवाखान्यांतून असं पद नेमायला हरकत कोणती?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ‘पुनर्वसन २०३०’ची हाक दिली. पुढे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगातल्या २४० कोटी माणसांना, म्हणजे दर तिघांतल्या एकाला, आयुष्यात पुनर्वसन उपचारांचा उपयोग होऊ शकेल अशी स्थिती आहे. एवढ्या माणसांना पुरतील इतके पदवीधर थेरपिस्ट कुठलाच देश तयार करू शकत नाही.

मनवेलपाड्यातून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बायकांकडे या कामाचा अनुभव भरपूर आहे. कुशी बदलणं, चेहऱ्यावरून रुग्णाची तब्येत ओळखणं, हट्टी म्हाताऱ्याला गोडीगुलाबीने चालायला लावणं हे त्यांना येतं. त्यांना शरीराची रचना, धोक्याच्या खुणा, उठवण्या-बसवण्याचं तंत्र, नोंद ठेवणं आणि थेरपिस्टशी बोलण्याची भाषा शिकवली, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठी खडतर ठरणार नाही. मात्र तो कामाच्या वेळा सांभाळून, मराठीत आणि वसई-विरारमध्येच व्हायला हवा, आधी केलेल्या वर्षांचं मोल त्यात धरलं जायला हवं आणि शेवटी नोंदणी क्रमांक मिळायला हवा. तो क्रमांक असला की ब्युरो बारा तासांचे किती देतो, हा सौदा तिला एकटीला करावा लागणार नाही. विमा कंपन्याही घरच्या थेरपीचं बिल कोणत्या नावावर द्यायचं, हे विचारायला लागतील. कायद्याच्या अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे आणि अभ्यासक्रमाची मानकं ठरवण्याचा आयोगाकडे. महाराष्ट्राच्या परिषदेने दोन्हीकडे तसा लेखी प्रस्ताव पाठवणं हे पहिलं काम आहे. तोपर्यंत वसई-विरारच्या महापालिकेने आपल्या एखाद्या दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि त्यांच्या देखरेखीखाली विरार पूर्वेच्या घराघरांत जाणाऱ्या सहा-आठ बायका, एवढ्यावर सुरुवात करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.